नाकबाई आणि संत्र्याचा चीजकेक

डेअरीत तिला सगळे नाकबाई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, पगाराची चिठ्ठी सोडून सगळीकडे म्हणत. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. उलट एखादा नवा ड्रायव्हर भीतभीत "अहो बाई" म्हणाला, तर हा कुणाशी बोलतोय म्हणून ती मागे वळून बघायची.

तिचं काम म्हटलं तर दोन सेकंदांचं. पहाटे दुधाच्या गाड्या धक्क्याला लागायच्या, एकेक कॅन खाली उतरायचा, झाकण उघडायचं, आणि उघडल्या उघडल्या नाकबाई वाकून एक श्वास घ्यायची. मोठा नाही, फुलं हुंगतात तसा तर मुळीच नाही. झोपलेल्या माणसाच्या खोलीत डोकावावं, तेवढाच. मग "घ्या" किंवा "बाजूला". संपलं काम. दूध आंबट आहे का, हे तपासणीच्या नळीतही कळतं. पण गाईने काय खाल्लं, कॅन कशाने धुतला, गाडीत शेजारी रंगाचा डबा होता का, हे कुठल्याही नळीत कळत नाही. ते फक्त नाकाला कळतं. एकदा तर झाकण उघडायच्या आधीच ती "बाजूला" म्हणाली होती. ड्रायव्हरने आकाशपाताळ एक केलं. मग झाकण उघडलं, तर त्याच्या आतल्या बाजूला डिझेलचं फडकं अडकलेलं. त्या ड्रायव्हरने पुढे सहा महिने तिच्याशी बोलताना टोपी काढली.

चोवीस वर्षांपूर्वी ती बाटल्या धुवायला लागली होती. हातात ब्रश, पायात गमबूट. एक दिवस धुता धुता ती म्हणाली, "तो तिसरा कॅन परत पाठवा." तिसरा कॅन होता वीस पावलांवर. तेव्हाचे सुपरवायझर हसले, मग त्यांनी वाकून बघितलं, आणि मग हसायचे थांबले. दुसऱ्या दिवसापासून बाई धक्क्यावर.

अकरा दिवसांपूर्वी तिला ताप आला. तीन दिवस अंथरुणात काढून ती कामावर गेली, पहिल्या कॅनवर वाकली, आणि काहीच आलं नाही. दुधाचा वास नाही, पत्र्याचा नाही, साबणाचाही नाही. रेडिओवरचा दिवा लागलेला असावा आणि आवाज बंद असावा, तसं. नाक चोंदलेलं नव्हतं. हवा आत जात होती, बाहेर येत होती, येताना रिकाम्या हाताने येत होती.

तिने दुसऱ्या कॅनवर वाकून बघितलं, तिसऱ्यावर बघितलं. मग ती सरळ उभी राहिली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आजपासून प्रत्येक कॅनला स्पिरिट लावायचं. नळी आणा."

स्पिरिट लावायचं म्हणजे नळीत थोडं दूध, तेवढंच स्पिरिट, हलवायचं आणि दूध फाटून दाणे धरतात का बघायचं. एका कॅनला दोन सेकंदांऐवजी दोन मिनिटं. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. ड्रायव्हर करवादायला लागले. आणि ज्याचा पत्ता नळीला लागत नाही त्या वासाच्या भीतीने नाकबाई झाकण उघडणाऱ्याच्या नाकपुड्यांकडे टक लावून बघत राहायची. तो बिचारा चौथ्या दिवशी म्हणाला, "बाई, माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण सांगितलं की धक्का गेला. आणि धक्का गेला की आपण कोण, या प्रश्नापाशी येऊन ती रोज थांबायची आणि रोज गप्प बसायची.

त्यात शनिवारी साहेब जेवायला येणार होते. आमंत्रण तापाच्या आधीचं. साहेब डेअरीत येऊन वर्षच झालेलं, आणि त्यांनी स्वतःच सुचवलं होतं, "म्हणजे कसं आहे बाई, दोन गोष्टी. तो तुमचा संत्र्याचा केक म्हणे फार प्रसिद्ध आहे." साहेब नेहमी "दोन गोष्टी" म्हणत आणि एकच सांगत. दुसरीची वाट बघत ऑफिसात माणसं ताटकळायची.

केकपर्यंतही ठीक होतं. पण डेअरीतलं कुणीही जेवायला एकत्र आलं की जेवणानंतर नाकबाईचा खेळ व्हायचा. डोळ्यांवर रुमाल, नाकाखाली एकेक वस्तू, आणि बाईने नाव सांगायचं. लवंग, खडू, बूटपॉलिश. गेल्या वेळी तिने रुमाल कुणाचा तेही सांगितलं होतं. शनिवारी तो खेळ होणार, हे ठरलेलंच होतं.

शनिवारी तिने रजा घेतली आणि सकाळी सातला स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने चुरली. त्यात पातळ केलेलं लोणी ओतलं, तळ सुटणाऱ्या टिनमध्ये तो चुरा वाटीच्या बुडाने दाबून बसवला. डेअरीच्या शीतगृहातलं क्रीम चीज तिने आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवलं होतं. थंड चीज कितीही फेटलं तरी गाठी सोडत नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती. चीज, साखर, चमचाभर कॉर्नफ्लोअर, साय, मग एकेक करून तीन अंडी. हळूहळू, हवा न भरता. इथवर हातांना सगळं येत होतं, नाकाची गरजच पडली नाही. तिला जरा धीर आला.

मग संत्र्याची साल किसायची वेळ आली.

चोवीस वर्षं ती साल किसता किसता नाकाला कळलं की थांबायची. चमचा नाही, माप नाही. आता किसणीवर केशरी चुरा पडत होता आणि तो लाकडाचा भुसा असता तरी तिला फरक कळला नसता. जिभेवर ठेवला. कडवट, एवढंच. तेही लांबून कुणीतरी हाक मारल्यासारखं.

तिने डेअरीतली रीत काढली. तीन वाट्या घेतल्या. तिन्हीत मिश्रणाचे दोन-दोन चमचे, पहिलीत साल चिमूटभर, दुसरीत दोन चिमटी, तिसरीत चार. आणि बाहेर हाक मारली, "अहो, जरा आत येता का?"

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायचा, "आता बघा. पहिलं बरं, की दुसरं? आता? दुसरं, की तिसरं?" माणूस लाखात एक, पण अन्नाबद्दल त्याच्याकडे एकच शब्द होता. छान. लग्नाच्या पहिल्या वर्षी करपलेलं ऑम्लेट छान होतं, मीठ विसरलेलं सूप छान होतं, आणि एकदा चुकून ताटात आलेला कागदही जवळजवळ छान होता.

"पहिली वाटी बरी, की दुसरी?" नाकबाईने थेट त्याचाच आवाज लावून विचारलं.

त्याने पहिली चाटली. "छान."

"आता दुसरी."

"छान."

"तिसरी."

"छाऽन."

"अहो, तीन वेगवेगळ्या वाट्या आहेत!"

"हो ना. तिन्ही छान आहेत. तसा फार फरक नाही."

"दुकानात गिऱ्हाईक असं म्हणालं तर काय करता?"

"घरी जाऊन विश्रांती घ्या म्हणतो."

एरवी ती वैतागली असती. पण गेले अकरा दिवस तिचे कान फार मन लावून काम करत होते. तिने ऐकलं होतं. पहिलं छान आखूड होतं, म्हणजे त्याला काही जाणवलंच नाही. तिसरं लांबलं होतं, म्हणजे काहीतरी बोचलंय आणि माणसाला सकाळी सकाळी भांडण नकोय. दुसरं मध्यम होतं, आणि मुख्य म्हणजे ते म्हणताना त्याचा चमचा नकळत वाटीकडे परत गेला होता.

खात्री करायला तिने सासूबाईंना बोलावलं. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण अजून कुणी हाक मारली की "हं, बोला" म्हणत, आणि घरात दोघं एकदम बोलायला लागले की "एक जण ठेवा" म्हणत. जेवणात खोट काढल्याशिवाय त्यांना घास जात नसे. फक्त हल्ली आठदहा दिवस त्या ताटावर चकार शब्द काढत नव्हत्या. वय झालं असेल, असं नाकबाईला वाटलं होतं.

त्यांनी तिन्ही वाट्या चाखल्या, मधे मधे पाणी पिऊन.

"दुसरी."

"पहिलीत काय झालं, आई?"

"पहिलीत संत्रं लाइनवरच नाही."

"आणि तिसरीत?"

"तिसरीत ओरडतंय. रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागेल."

नाकबाईने दोन चमचे मिश्रणाला दोन चिमटी या हिशोबाने साल घातली आणि मिश्रण टिनमध्ये ओतलं. टिनला बाहेरून फॉइल गुंडाळलं, उकळत्या पाण्याच्या ट्रेमध्ये तो ठेवला आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. आणि तिथे दुसरी अडचण समोर उभी राहिली. ओव्हनच्या बटणावर आकडेच नव्हते.

होते एके काळी. पुसून पुसून गेले. कुणाला पर्वा होती? घड्याळही कधी लावलं नव्हतं. केक आत गेला की ती खुशाल कपडे वाळत घालायची. आधी अर्धा तास नुसता गरम दुधाचा वास. मग कच्च्या अंड्याचा वास हळूच मरायचा आणि खालच्या बिस्किटाचा वर यायचा. तो दारापर्यंत आला की ओव्हन बंद. आता दाराशी उभं राहूनही कुणी येणार नव्हतं.

मग तिला डेअरीतला लांब दांड्याचा थर्मामीटर आठवला. स्पिरिटच्या बाटलीबरोबर पिशवीत घरी आला होता तो. तिचा चेहरा खुलला. चाळीस मिनिटांनी तिने ओव्हन उघडून दांडा केकच्या बरोबर मध्यावर खुपसला. साठ. केकचा मधला भाग अजून थरथरत होता, हात लावला तर लाजेल असा. ती थांबली. पासष्ट. कडा बसल्या होत्या, मध्य अजून हलत होता. जगातल्या कुठल्याही केकवालीने या क्षणी ओव्हन बंद केला असता.

पण ही डेअरीची बाई. डेअरीच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, बहात्तर. दूध बहात्तरला पोचल्याशिवाय पुढे जात नाही, मग आभाळ कोसळो. चोवीस वर्षं तो आकडा डोळ्यांसमोर. नाक होतं तोवर तिने केक बनवताना दुधाचा विचार केला नव्हता. नाक गेलं आणि हाताशी आकडा उरला, तो हाच. तिने ओव्हनचं दार लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. अडुसष्ट. सत्तर. एकाहत्तर. काटा बहात्तरवर टेकला, तिने "चला" म्हणून दांडा उपसला, आणि त्या भोकापासून थेट कडेपर्यंत केक तिच्या देखत उलला. सावकाश. जांभई दिल्यासारखा.

नवरा धावत आला. त्याने केककडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

"छान," तो म्हणाला.

"चीर पडलीय, अहो!"

"पण सरळ पडलीय."

नाकबाई स्टुलावर बसली. रडली नाही, पण पदराने उगाच थर्मामीटर पुसत राहिली. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी चीर नीट बघून घेतली आणि म्हणाल्या, "वरून संत्र्याचा पाक ओत. एवढ्यासाठी बसायचं नसतं. ऊठ."

ती उठली. रस, साखर आणि कॉर्नफ्लोअर आटवून तिने चकचकीत पाक केला आणि केक निवल्यावर वरून ओतला. निम्मा पाक चिरेने गट्टम केला. उरलेल्यावर तिने संत्र्याच्या पातळ चकत्या मांडल्या. दुपारभर तो केक फ्रिजमध्ये बसला आणि ती फ्रिजबाहेर.

साडेसातला साहेब आले, बरोबर त्यांच्या पत्नी. साहेबांच्या बाई गणिताच्या शिक्षिका, आणि त्या जगाकडे तपासायच्या गठ्ठ्यासारखं बघत. सूपला दहापैकी आठ, भाजलेल्या बटाट्यांना साडेआठ ("कुरकुरीत आहेत, पण मीठ एका बाजूला गेलंय"), पडद्यांच्या रंगाला सात. त्यात खवचटपणा नव्हता. विचारलं नाही तरी गुण द्यायचेच, इतकंच.

"अगं, तू जेवायला आलीयेस की तपासायला?" साहेब म्हणाले.

"दोन्ही. तुम्हाला आज किती, ते घरी सांगेन."

नवरा हसला. सासूबाईही हसल्या. नाकबाई हसल्यासारखं करत केक घेऊन आली. सुरी घातली. पाकाखाली चीर अजून होती, पण दिसत नव्हती. पाच बशा झाल्या. तिने आपली बशी मांडीवर ठेवली आणि चार तोंडांकडे बघत बसली.

"छान!" नवरा म्हणाला. आखूड नाही, लांब नाही. चमचा परत गेला. हुश्श.

साहेबांच्या बाईंनी दोन घास खाल्ले, मान तिरकी केली. "चव नऊ. संत्रं अगदी नेमकं आहे. पोत मात्र सहा. जरा जास्त भाजला गेलाय हो, कडेला रवाळ लागतो. आणि इथे आत पाक कसा गेला? चीर पडली होती का?"

नवऱ्याचा चमचा हवेत राहिला. पण नाकबाईच्या अंगात मात्र थंड पाणी प्यायल्यासारखं झालं. अकरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला नीट काहीतरी सांगत होतं. "पडली होती," ती म्हणाली. "बहात्तरला."

"पुढच्या वेळी आधी काढा. आता तो खेळ! यांनी तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय, मी मुद्दाम पर्समध्ये पाच पुड्या आणल्यात."

"पुड्या नंतर," साहेब म्हणाले. आवाज अचानक ऑफिसातला झाला. त्यांनी पिशवीतून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. पांढरी, थंड, झाकण घट्ट. "म्हणजे कसं आहे बाई, दोन गोष्टी. संध्याकाळच्या गाडीतलं दूध आहे. नळी म्हणते ठीक आहे. धक्क्यावरचे दोघं जण. एक म्हणतो वास आहे, दुसरा म्हणतो काही नाही. चाळीस कॅन वेगळे उभे करून आलोय. नऊ वाजेपर्यंत निरोप द्यायचाय. घ्यायचं, की ओतायचं?"

तिने घड्याळ बघितलं. साडेआठ.

"दुसरी गोष्ट," साहेब म्हणाले. आज दुसरी गोष्ट खरंच होती. "तुम्ही ओता म्हणालात तर चाळीसच्या चाळीस ओतू. तुम्ही घ्या म्हणालात तर सकाळी सहाला दवाखान्यात जाईल. मी बाकी कुणाला विचारणार नाही."

साहेबांच्या बाईंनी उत्सुकतेने बाटली उघडून बघितली आणि त्यांच्या वरच्या ओठाला बारीकशी आठी पडली. लगेच गेली. पण नाकबाईने बघितली.

झालं की. उत्तर समोर होतं. झाकणावर वाकायचं, छोटा श्वास घ्यायचा, आणि एक शब्द बोलायचा. कुणाला काही कळणार नव्हतं. तिने बाटली हातात घेतली, नाकाशी नेली. थंड काच ओठाला लागली. मनात चाळीस कॅन ओळीने उभे राहिले. प्रत्येकामागे कुणीतरी पहाटे उठून काढलेलं दूध. आणि दुसऱ्या बाजूला दवाखान्यातले ग्लास. आणि मधे एका बाईच्या ओठावरची आठी. कदाचित केकमधल्या सालीमुळेही पडली असेल.

तिने बाटली खाली ठेवली.

"साहेब, मला वास येत नाही."

"म्हणजे दूध चांगलं आहे?"

"म्हणजे मला कशाचाच वास येत नाही. ताप आला तेव्हापासून. अकरा दिवस झाले."

नवऱ्याने तोंड उघडलं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून छान बाहेर पडलं नाही.

"मला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं, आई?"

"मंगळवारी दूध उतू जाऊन शेगडीवर जळत होतं आणि तू शेजारी उभी राहून पेपर वाचत होतीस. मी गॅस बंद केला. परवा भाजी करपली, मी गुपचूप खाल्ली."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? लाइन तुझी. ऑपरेटरने मधे बोलायचं नसतं."

साहेब मात्र हसले नाहीत. "आणि तरीही तुम्ही धक्क्यावर उभ्या होतात?"

"प्रत्येक कॅनला स्पिरिट लावत होते."

"म्हणून रांग फाटकाबाहेर! आणि मी वजनकाट्यावाल्याला झापतोय! अहो बाई, पण वासाचं दूध आत गेलं असतं तर?"

"तर माझ्यामुळे गेलं असतं," ती म्हणाली. "आंबट गेलेलं नाही, हे छातीवर हात ठेवून सांगते. बाकीचं नाही सांगता येत. चुकले मी."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, पुन्हा पुढे घेतली. त्यांना रागवायचं होतं, पण त्यांच्या पुढ्यात तिच्याच हातचा केक होता आणि हातात तिनेच दिलेला चमचा. "आता या बाटलीचं काय करू मी?" ते शेवटी म्हणाले. "अर्धा तास आहे."

नाकबाई उठली. उठली ती धक्क्यावरची नाकबाई म्हणूनच. "थंड दूध वास सांगत नाही. अहो, वाडग्यात कोमट पाणी आणा. आई, तुम्ही गुळण्या करून या. मॅडम, तुम्ही पण. हात साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवा. साहेब, तुमच्या बोटांना संत्रं लागलंय, तुम्ही शेवटी."

बाटली झाकण लावून कोमट पाण्यात पाच मिनिटं बसली. मग तिने ती हलवली. "एकेकाने यायचं. झाकण उघडलं की छोटा श्वास. आणि मनात येईल तो पहिला शब्द. चांगलं-वाईट नको, गुण तर नकोच. कशासारखा, तेवढं सांगायचं. आणि माझ्या कानात. बाकीच्यांनी ऐकायचं नाही."

साहेबांच्या बाई आल्या. हुंगलं. कानाशी लागल्या. "खोडरबर. नवीन. वर्षाच्या सुरुवातीला मुलं पाकीट फोडतात ना, तसं."

सासूबाई आल्या. "हेडफोन. कानावरच्या काळ्या गाद्या. उन्हाळ्यात तापल्या की."

नवरा आला. हुंगून बराच वेळ उभा राहिला. "छान नको हं," तिने बजावलं.

"नाही, नाही," तो कुजबुजला. "चष्म्याला नाकावर बसायला त्या गाद्या असतात ना, मऊ? त्यांची नवीन पुडी उघडली की येतो, तो. पण अगदी थोडा."

साहेबांनी तीन वेळा हुंगून "संत्रं" सांगितलं. त्यांचं मत बाजूला ठेवण्यात आलं.

नाकबाई डोळे मिटून उभी राहिली. खोडरबर, हेडफोनच्या गाद्या, चष्म्याच्या गाद्या. तिघांची तीन दुकानं, माल एकच. "रबर," ती म्हणाली. "दूध नासलेलं नाही, साहेब. कुणीतरी कॅनच्या झाकणांना नव्या रिंगा बसवल्यात आणि न उकळता बसवल्यात. नव्या रिंगा तीनदा उकळाव्या लागतात. सगळ्या चाळीस कॅनना नसतील. फोन करा. झाकणं उलटी करून बघायला सांगा. रिंग काळीकुळकुळीत नवी असेल ते कॅन वेगळे. उरलेल्यांची रिंग जुनी असली तरी त्या दोघांकडून हुंगून घ्या. दोघं एकमेकांना दिसता कामा नयेत. मग घ्या."

साहेबांनी फोन केला. सगळे फोनकडे बघत बसले. सासूबाईंचे हात नुसते शिवशिवत होते. दहा मिनिटांनी तिकडून आवाज आला. साहेबांनी ऐकलं, "किती? सात?" म्हणाले, "नव्या आहेत? नक्की?" म्हणाले, आणि फोन ठेवला.

"सात कॅन," ते म्हणाले. "तेहतीस वाचले."

नवऱ्याने टाळी वाजवायला हात उचलले, पण नाकबाईचा चेहरा बघून ते तसेच मांडीवर ठेवले. कारण साहेब अजून तिच्याकडेच बघत होते.

"बाई, उद्यापासून धक्का नाही."

"हो."

"डॉक्टरांना दाखवा. नाक परत आलं की धक्का तुमचा. तोवर लॅबमध्ये बसायचं."

"आणि आलंच नाही तर?"

साहेबांच्या बाईंनी पर्स उघडली, आतल्या पुड्यांकडे बघितलं आणि पर्स मिटली.

"धक्क्यावर कुणाला उभं करू?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

नाकबाईने एकेकाला डोळ्यांसमोर आणलं. वजनकाट्यावाला बिड्या ओढतो. लॅबमधली मुलगी अत्तराची बाटली अंगावर रिकामी करून येते. संध्याकाळच्या पाळीतले दोघे एकमेकांचं ऐकून मत बदलतात. "बाटल्या धुणारी ती उंच बाई आहे ना," ती म्हणाली. "तिला उभी करा. अत्तर नाही, तंबाखू नाही. आणि तिला खोटं बोलायला जमत नाही. बोलायला गेली की कान लाल होतात. पण मी तिच्या शेजारी उभी राहणार. पंधरा दिवस."

"आठ."

"दहा."

"आठ, आणि प्रत्येक कॅनला स्पिरिट बंद."

"बरं, आठ," ती म्हणाली, आणि साहेबांच्या बशीत न विचारता केकचा दुसरा तुकडा वाढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उंच बाई धक्क्यावर आली ती बाटल्या धुवायचा ब्रश हातात घेऊनच. तो कुठे ठेवायचा तिला सुचेना. नाकबाईने तो काढून भिंतीशी ठेवला. पहिली गाडी लागली. पहिल्या तीन कॅनना उंच बाई नुसती मान हलवत राहिली. चौथ्यावर वाकली आणि वाकलेलीच राहिली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. नाकबाईने तिकडे हात करून हॉर्न थांबवला.

"काय आलं?" तिने विचारलं.

"गोठ्यात फवारतात ना, ते औषध. थोडंसं," उंच बाई म्हणाली. आणि मग, "हे नको."

ड्रायव्हर खाली उतरला. जुना माणूस, वीस वर्षं याच धक्क्याला येणारा. "नको? ही कोण नको म्हणणारी? काल बाटल्या धुवत होती! नाकबाई, तुम्ही वाका की जरा. तुम्ही म्हणालात तर निमूट परत नेतो."

झाकण उघडं होतं. दूध शांत पडलं होतं. नाकबाई कॅनजवळ गेली, त्या पांढऱ्या गोलाकडे बघितलं, आणि वाकली नाही.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आजारपणात गेला. आता हिला विचारायचं."

ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं. मग उंच बाईकडे. उंच बाईचे कान लाल झाले नव्हते.

"काय फवारलं म्हणालीस?" त्याने विचारलं, आणि झाकण लावायला घेतलं.